गोठ्यातला दिवा आणि आषाढातली रात्र



गोठ्यात रात्री दिवा हवा कशाला, असा प्रश्न शहरातून आलेला पाहुणा करील. तुम्ही करणार नाही. म्हैस व्यायला होते ती पुष्कळदा रात्रीच. वासराचा पाय मुडपलेला असला तर मध्यरात्री हात घालावा लागतो, आणि ते काम अंधारात चाचपडत होत नाही. पहाटे चारला धारा काढायच्या, त्याआधी शेण ओढायचे, वैरण टाकायची. कडब्याची पेंढी उचलताना तिच्याखाली काय बसले आहे ते दिसले पाहिजे. घरात वीज आली म्हणजे हे सगळे सुटले असे होत नाही, कारण गोठा बहुधा घराला लागून नसतो. तो मळ्यात असतो, वस्तीवर असतो, ओढ्याच्या पलीकडे असतो. आणि विजेचा खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबलेला असतो.

अशा ठिकाणी सूर्याच्या उन्हावर चालणारा दिवा कसा बसवावा, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. दिव्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. असा दिवा आपल्या भागात आता नवलाचा राहिलेला नाही. उलट त्याच्याविषयी लोकांचा विटा बसत चालला आहे. गावातल्या रस्त्यावर खांबांवर बसवलेल्या सौर दिव्यांपैकी आज किती लागतात, हे मोजायचे काम शाळेतल्या मुलांना एकदा देऊन पाहा. "सोलर काय टिकत न्हाई," हे वाक्य मी खटावपासून जतपर्यंत ऐकले आहे. यात सूर्याचा दोष नाही आणि प्लेटचाही क्वचितच असतो. चुकतो तो आपला हिशेब. दिवा आपण एप्रिलचे ऊन पाहून घेतो, आणि तो लागायचा असतो आषाढात.

विजेच्या बाबतीत आपले जिल्हे गरीब आहेत असे कोणी म्हणणार नाही. कोयनेची पहिली वीज १९६२ साली निघाली, आणि आज तिच्या सर्व टप्प्यांची मिळून शक्ती १,९०० मेगावॅटच्या वर आहे. पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर, साताऱ्याजवळ चाळकेवाडीला, इकडे कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या फिरताना दिसतात. पण मोठी वीज मोठ्या तारांनी दूर निघून जाते. पवनचक्कीच्या पायथ्याशी शेळ्यांच्या वाड्यात अंधार असावा, हे विपरीत दिसते खरे. तरी एका दिव्यासाठी अर्धा मैल खांब रोवणे आणि तार ओढणे कोणाच्याच हिशेबात बसत नाही. २०१७ साली 'सौभाग्य' योजना निघाली ती घरांसाठी. गोठा, खळ्यावरची खोली, मळ्यातले खोपट यांची त्यात गणती नव्हती. शेतीपंपाची लाइन असते, पण ती बऱ्याच ठिकाणी पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पंपाला ते चालते. दिवा तिच्यावर ठेवला, तर ज्या रात्री म्हैस व्यायची त्याच रात्री पाळी नसते, हा अनुभव सांगायला माझी गरज नाही.

राहता राहिला कंदील. रेशनवरचे रॉकेल आता जवळजवळ नाहीसेच झाले आहे. आणि मिळाले असते तरी कडब्याच्या गंजीशेजारी उघडी ज्योत नेणे म्हणजे वर्षाची वैरण पणाला लावणे होय. उजेडाचे म्हणाल तर रॉकेलच्या चिमणीचा उजेड दहा-बारा लुमेन, कंदिलाचा त्याच्या तिप्पट-चौपट. पाच वॅटचा एल.ई.डी. दिवा पाचशे लुमेनच्या आसपास उजेड देतो. लुमेन हे उजेड मोजण्याचे माप आहे, जसे धान्याला किलो. म्हणजे एका लहानशा दिव्यात दहा कंदील बसले.

आता एका गोंधळाचा उलगडा आधी करतो. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. घरांच्या छपरांवर प्लेटी बसल्या, गावाने आपली वीज आपण निर्माण केली. ही गोष्ट वर्तमानपत्रात वाचून एका गृहस्थांनी मला विचारले, "मग आमच्या गोठ्यावरही तसेच का बसवू नये?" उत्तर असे की छपरावरची ती योजना महावितरणच्या तारेला जोडलेली असते. दिवसा जास्त झालेली वीज तारेत जाते, रात्री लागणारी तारेतून येते, आणि वर्षाचा जमाखर्च मीटर ठेवतो. तिला बहुधा बॅटरी नसते. म्हणजे तार ही तिची कोठी आहे. गोठ्याला तार नाही, तेव्हा कोठी आपल्यालाच बांधावी लागते. त्या कोठीचे नाव बॅटरी. पुढचे सगळे बोलणे खरे तर तिच्याविषयीच आहे.

तरी प्लेटीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गुरुजींना मुले विचारणार. उन्हापासून वीज निघते हे फ्रान्समधल्या बेकरेल नावाच्या तरुणाने १८३९ साली पाहिले. कामाला येईल असा सिलिकनचा घट मात्र १९५४ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, आणि तो अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज करीत असे. सिलिकन म्हणजे आपल्या वाळूतले मूळ द्रव्य. ते अतिशुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. चकतीच्या एका अंगाला एक द्रव्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे द्रव्य किंचित मिसळले, की दोन्हींच्या सीमेवर एक प्रकारचा उतार तयार होतो. उन्हाचा आघात होताच सिलिकनमधले विद्युत्कण मोकळे होतात आणि या उतारावरून एकाच दिशेला वाहू लागतात. हा प्रवाह म्हणजे वीज. यात काही जळत नाही, फिरत नाही, झिजत नाही. म्हणून चांगली प्लेट वीस-पंचवीस वर्षे काम देते. आज चांगल्या प्लेटीचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेले आहे.

या वीस टक्क्यांतून बाजारात उपयोगी पडणारी एक कसोटी निघते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर ऊन पडते ते सुमारे १,००० वॅटचे. त्यातले वीस टक्के म्हणजे २०० वॅट. एक चौरस मीटर म्हणजे जवळजवळ अकरा चौरस फूट. तेव्हा एक फूट लांब, एक फूट रुंद प्लेट वीस वॅटच्या फारशी पुढे जाऊच शकत नाही. आठवड्याच्या बाजारात खोक्यावर '१०० वॅट' असे छापलेला आणि वहीच्या पानाएवढी प्लेट असलेला दिवा कोणी दाखवला, तर खिशातून फूटपट्टी काढावी. निसर्गाचा नियम खोक्यावरच्या शाईने बदलत नाही.

आता हिशेब. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. चार जनावरांचा गोठा धरू. पाच वॅटचा एक दिवा संध्याकाळी दोन तास आणि पहाटे दोन तास लागतो. पाच गुणिले चार, वीस वॅट-तास. रात्रभर मिणमिणता राहणारा अर्ध्या वॅटचा एक बारीक दिवा आठ तास. ते झाले चार. दोन्ही मिळून रोजचा खर्च चोवीस वॅट-तास. वॅट-तास हा शब्द अवघड वाटला तर पाण्याच्या घागरी समजा: रोज चोवीस घागरी लागतात.

उन्हाचा हिशेब तासांवर करतात, पण हे तास घड्याळाचे नव्हेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे सारे ऊन गोळा करून ते दुपारच्या कडक उन्हाच्या मापाने मोजायचे. असे 'भर उन्हाचे' तास आपल्याकडे एप्रिलमध्ये सहाच्या आसपास मिळतात. आषाढात ढगांच्या झाकोळात दोनसुद्धा धरून चालावे लागते. शिवाय प्लेटीपासून दिव्यापर्यंत जाताना उष्णता, धूळ, तार, बॅटरी मिळून सुमारे तीस टक्के वीज खातात. आता पाहा. सात वॅटची प्लेट, सहा तास, त्यातले सत्तर टक्के: एकोणतीस वॅट-तास. चोवीसची गरज भागली, वर पाच उरले. एप्रिलमध्ये दिवा झकास लागतो, घेणारा खूश, विकणाराही खूश. तीच प्लेट आषाढात दोन तासांवर आणा: दहासुद्धा धड होत नाहीत. चोवीस घागरींचा खर्च आणि दहाची आवक. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री, बाहेर झड लागलेली असताना, दिवा डोळे मिटतो. वीस वॅटची प्लेट घेतली असती तर त्याच आषाढात अठ्ठावीस वॅट-तास मिळून निभावले असते. ती एप्रिलमध्ये गरजेच्या तिप्पट वीज करील आणि तुम्हाला वाटेल, पैसे वाया गेले. ते वाया गेले नाहीत. ते आषाढाच्या नावावर जमा आहेत.

इथे आपल्या भूगोलाकडे पाहावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून फार दूर नसलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आत-बाहेर. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरी भागात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथे वीसच्या जागी तीस-चाळीस वॅटची प्लेट धरावी. आटपाडी, जत, माण या बाजूला पाऊस कमी, पण पावसाळ्यातले ढग तिथेही येतात, न बरसता नुसते उभे राहतात. दुष्काळी भाग म्हणून तिथे अगदी लहान प्लेट चालेल असे समजू नये.

आता कोठीकडे, म्हणजे बॅटरीकडे वळू. ऊन न पडणाऱ्या तीन रात्रींची बेगमी असावी असा माझा अडाखा आहे. चोवीस त्रिक बहात्तर वॅट-तास. बॅटरीवर हा आकडा सरळ लिहिलेला नसतो. व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करायचा. पण कोठीतले सगळे धान्य काढता येत नाही. शिसे आणि आम्लाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावे. खालचे निम्मे रोज खरवडले तर ती वर्ष-दीड वर्षातच मरते. म्हणजे बहात्तरसाठी १४४ वॅट-तासांची हवी: १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीतले ऐंशी टक्के बिनधोक वापरता येते, तेव्हा नव्वद वॅट-तासांची पुरते: १२.८ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. लिथियमची पहिली किंमत जास्त, पण ती हजारांवर वेळा भरते-रिकामी होते. दूध घालणाऱ्या माणसाने, ज्याला दिवा रोज हवा, ती घ्यावी असे माझे मत आहे. आम्लाची बॅटरी घेतलीच, तर तिच्यात झाकणे असल्यास विहिरीचे पाणी कधी घालू नये. बॅटरीचे म्हणून विकत मिळते तेच शुद्ध पाणी घालावे. सांगली-मिरजेकडच्या मळईतले क्षाराचे पाणी तर तिचे विषच. आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद पेटीत कोंडू नये, तिच्याजवळ काडी ओढू नये.

आम्लाच्या बॅटरीचा आणखी एक स्वभाव आहे, आणि तो न ओळखल्यामुळे मी स्वतः फसलो. ती अर्धवट भरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर एक टणक पांढरा थर बसतो आणि मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. खटाव तालुक्यात आमची वस्ती आहे. तिथल्या गोठ्यावर मी काही वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंसाठी दिवा बसवला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. महिना एप्रिलचा. गोठ्याच्या पत्र्याचा उतार उत्तरेकडे. प्लेट पत्र्यावरच सपाट ठोकली, कारण शिडी तिथे सोयीने लागत होती. पश्चिमेला एक कडुलिंब. पंधरा दिवस दिवा इतका लख्ख लागला की शेजारच्या वस्तीवरची मंडळी पाहायला आली. मला प्राध्यापकीपेक्षा त्याचेच कौतुक जास्त वाटले. मार्गशीर्षात आबांचा निरोप आला, "दिवा नऊलाच डोळं मिटतोय." मी म्हटले, बॅटरी वाईट निघाली. नवी आणली. ती पहिल्यासारखीच मंदावत गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात पार संपली. आबा मला काही बोलले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा जुना कंदील पुसून ठेवला होता, एवढेच माझ्या नजरेस पडले.

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ही चूक शोभणारी नव्हती. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. क्षितिजापासून पन्नासेक अंशच वर येतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या प्लेटीवर ते ऊन तिरके घसरते आणि दुपारी जे मिळावे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त, इतकेच पदरी पडते. त्यात तीन वाजल्यापासून लिंबाची सावली. दिवा संध्याकाळी लागत होता, पण बॅटरी एकदाही काठोकाठ भरत नव्हती. दुसरी बॅटरी मी माझ्या चुकीच्या पायी मारली.

सावलीचा हिशेबही लक्षात घ्या, तो साधा नाही. प्लेट अनेक लहान घटांची बनलेली असते. १२ व्होल्टच्या कामासाठी बहुधा छत्तीस घट एकामागे एक जोडलेले असतात. बोळातून बैलगाड्यांची रांग चालली आहे आणि मधली एक गाडी अडली, तर मागच्या सगळ्या अडतात ना? तसेच एका घटावर फांदीची सावली पडली की उरलेल्या पस्तिसांची वीजही अडते. दहावा भाग सावलीत म्हणजे दहावा भाग नुकसान, असे नाही. निम्मी-अधिक वीज जाऊ शकते. कावळ्याची एक विष्ठा वाळून बसली तरी तेच. म्हणून प्लेट हाताला पोचेल अशा उंचीवर असावी आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. वानरांच्या भागात राहणाऱ्यांनी आपला तोडगा आपण काढावा. माझ्याकडे तो नाही.

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून किती कलती ठेवावी? याचे उत्तर आकाशात लिहिलेले आहे. गुरुजनांनी हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा. रात्री ध्रुवतारा पाहा. तो क्षितिजापासून जितका वर, तितकेच त्या गावाचे अक्षांश, आणि जवळजवळ तितकाच प्लेटीचा उतार. हात लांब करून मूठ धरली तर तिची उंची सुमारे दहा अंश भरते. साताऱ्याला आणि सांगलीला ध्रुव पावणेदोन मुठी वर दिसतो, म्हणजे सतरा-अठरा अंश. गवंड्याला अंश सांगू नका; एक मीटर आडव्या अंतराला तीस सेंटिमीटर उचल, असे सांगा. ध्रुवाकडे पाठ केली की समोर दक्षिण. दुपारच्या सावलीवरून दिशा ठरवायची असेल तर एक सावधगिरी ठेवा. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य ऐन माथ्यावर येतो आणि त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मग पावसाळ्यात प्लेट उत्तरेकडे का फिरवू नये, असे एखादा हुशार मुलगा विचारील. त्याला शाबासकी द्या आणि सांगा की ढगाळ दिवशी उजेड साऱ्या आभाळातून येतो, त्यामुळे दिशेने फारसे अडत नाही. थंडीत मात्र दिशेवाचून चालत नाही.

प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाची एक लहान डबी असते. बॅटरी भरली की ती वीज थांबवते, फार उतरली की दिवा तोडते. कोठीवरचा कारकूनच तो. काही लोक "दिवा मधेच जातो" म्हणून तिला वगळून दिवा थेट बॅटरीला जोडतात. त्या रात्री दिवा लागतो खरा. बॅटरीचे आयुष्य मात्र तिथेच तुटते. डबी आम्लाच्या आणि लिथियमच्या बॅटरीसाठी वेगळी लावावी लागते, हेही विचारून घ्यावे.

बारा व्होल्टच्या तारेचा माणसाला किंवा जनावराला झटका बसत नाही, ही या दिव्याची मोठी सोय. ओल्या शेणात उभ्या असलेल्या जनावराला घरची २३० व्होल्टची वीज जीवघेणी ठरते. गोठ्यात तार चाटून जनावरे मेलेली आपण पाहिली आहेत. पण झटका नाही म्हणजे आगही नाही असे समजू नका. उंदराने तार कुरतडून दोन्ही टोके एकमेकांना भिडली तर बॅटरी क्षणात तार लाल करू शकते, आणि खाली कडबा असतो. बॅटरीच्या अगदी जवळ दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घाला आणि तार प्लॅस्टिकच्या नळीतून न्या. त्यात काटकसर करू नये. तार बारीकही नको. बारा व्होल्टला दाब मुळातच थोडा, वीस-पंचवीस मीटरच्या केसासारख्या तारेत त्यातला बराच जिरून जातो.

दिवा कुठे टांगावा? बहुतेक लोक गव्हाणीवर टांगतात. मग जनावराच्या अंगाची सावली नेमकी कासेवर पडते आणि धार काढणारा अंधारात बसतो. दिवा जनावराच्या मागच्या बाजूला, वाटेच्या वर असावा. दुसरा बारीक दिवा दारात. उजेड पांढऱ्या-निळ्यापेक्षा पिवळसर घ्या. पिवळ्यावर किडे कमी येतात. किडे आले की बेडूक येतो, बेडकामागे येणारा पाहुणा तुम्हाला ठाऊक आहेच.

सापाचे नाव शिराळ्याच्या मुलखात वेगळे सांगायला नको. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत फार मोठा भाग खेड्यातल्या माणसांचा, आणि पावसाळ्यातल्या महिन्यांचा. म्हणजे ज्या महिन्यांत आपला दिवा डोळे मिटतो, त्याच महिन्यांत त्याची खरी गरज. आषाढाचा हिशेब करा असे मी वारंवार म्हणतो ते यासाठी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तेव्हा राखणीला गोठ्यात झोपणाऱ्याने दिवा असला तरी बाजेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. दंश झालाच तर वेळ न दवडता ग्रामीण रुग्णालय गाठावे. बिबट्याविषयीही विचारतात. कऱ्हाड-शिराळ्याच्या उसात तो आता नेहमीचा झाला आहे. नुसत्या दिव्यावर विसंबून शेळ्या उघड्या वाड्यात ठेवू नका. दिव्याने तुम्हाला तो दिसेल. शेळ्या वाचतील त्या जाळीने आणि घट्ट दाराने.

गोठा सोडून इतर ठिकाणी हिशेब पालटतो. तासगाव, मिरज, कवठे महांकाळकडे माळावर बेदाण्याच्या शेड आहेत. त्यांचे काम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे भर उन्हाचे दिवस. तिथे लहान प्लेट पुरते. काळजी घ्यायची ती धुळीची, आणि हंगाम संपल्यावर बॅटरी रिकामी टाकून न देण्याची. ती भरून, सावलीत ठेवून, अधूनमधून पुन्हा भरावी. ऊसतोडीला आलेल्या मंडळींच्या कोप्यांतही दिवाळी ते होळी आभाळ निरभ्र असते. तिथे हातात धरून नेता येईल असा सुटा सौर कंदील बरा. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांनाही तोच सोयीचा. कोंबड्यांच्या शेडचे एक वेगळेच आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो, थंडीत तो कमी पडतो, म्हणून काहीजण पहाटे दिवा लावतात. त्यांनी खर्चाचे तास आधी मोजावेत. ते गोठ्यापेक्षा बरेच जास्त होतात.

दुरुस्तीचे एकच सांगतो. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४च्या सुमारास दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत अभ्यासाचे सौर दिवे पोचवण्याची योजना हाती घेतली, तेव्हा दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावाकडच्याच माणसांना शिकवली होती. यातले शहाणपण माझ्या फार मनात भरले. ज्या दिव्याची बॅटरी सुट्या स्क्रूंनी उघडते, ज्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो, तो घ्यावा. चिकटवून बंद केलेला, स्वस्त असला तरी, घेऊ नये. मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. शिसे विहिरीत उतरते. २०२२ सालच्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि आम्लाच्या बॅटरीचे तर दुकानदार मोडीचे पैसेही देतो.

आमच्या वस्तीवरची प्लेट आता गोठ्यावर नाही. गोठ्यापासून दहा पावलांवर, लिंबाच्या सावलीबाहेर, एक लोखंडी खांब रोवून तिच्यावर वीस वॅटची नवी बसवली आहे. उतार तीस सेंटिमीटरचा, आबांनी स्वतः ओळंबा लावून पाहिलेला. बॅटरी लिथियमची, गोठ्याच्या आतल्या कोनाड्यात. गेल्या आषाढात सलग पाच दिवस झड होती. चौथ्या रात्री आबांनी मोठा दिवा मुद्दाम लावला नाही, बारक्यावर भागवले, आणि पाचव्या पहाटे म्हैस व्याली तेव्हा मोठा लावला. रेडी झाली. जुना कंदील अजून त्याच खुंटीला आहे. त्यात रॉकेल मात्र नाही.